निधी नंतर काढा, आधी ड्यूटी लावा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवाजी विद्यापीठातली १९९३ ची एम.ए.ची बॅच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ६२ जण, बहुतेक पंचावन्नच्या आगेमागे. गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकाला हार्ट ॲटॅक आला. ग्रुपवर हाक गेली, एका रात्रीत २ लाख ८५ हजार जमले, पण मित्र गेला. त्यातले ४१,५०० रुपये एकाच्या खात्यावर पडून आहेत आणि त्यावरून धुसफूस चालू आहे. डिसेंबरात स्नेहमेळावा आहे. प्रत्येकी पाच हजार काढून कायमचा आरोग्य निधी करावा असं काहींचं म्हणणं. अमेरिकेतला एक जण डॉलर पाठवतो म्हणतोय, दुसरा म्हणतो सगळ्यांचा मिळून मेडिक्लेमच काढू. ‘तुम्ही आयुष्य दवाखान्यात काढलंय, तुम्हीच काय ते सांगा.’

मी कोल्हापुरात समाजसेवा अधीक्षक होतो. हे पद काय असतं ते बहुतेकांना दवाखान्यात अडकल्यावरच कळतं. डॉक्टर पेशंट बघतात, सिस्टर औषधं बघतात, आणि पेशंटजवळ कोण आहे हे आम्ही बघतो. कुणीच नसेल तर का नाही, हेही बघतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रक्ताची पिशवी, बेवारस पेशंटचं गाव शोधणं, सगळं आमच्या टेबलावर. वॉर्डातले मामा-मावशी मला ‘कागदवाले साहेब’ म्हणायचे. अशी २८ वर्षं गेली, त्यामुळे माझं उत्तर कागदाच्या बाजूनं येणार हे आधीच सांगून ठेवतो.

निधी काढू नका असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा निधी काढू नका, एवढंच म्हणतो.

१९८६ साली मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर होतो. शेजारच्या खोलीत भुदरगड तालुक्यातला एक पोरगा होता. त्याला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. त्याला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात नेला. आम्ही सीपीआर क्वचितच म्हणायचो, थोरला दवाखानाच म्हणायचो. आमच्यातल्या एकानं मेसच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या: सकाळ, दुपार, रात्र, आणि चौथ्या रकान्यात ‘सायकल कुणाची’. एकोणीस दिवस तो कागद चालला. त्याच्या गावाकडं निरोप एसटीच्या कंडक्टरकडून गेला, वडील चौथ्या दिवशी आले. एक उत्साही मित्र गुऱ्हाळावरून उसाच्या रसाची किटली घेऊन आला, डॉक्टरांनी त्याला अशी झाडली की तो परत वॉर्डात पाऊल टाकेना. मग त्याला रात्रीच्या ड्यूटीवरून काढून कपडे धुवायला लावला. पैसे किती लागले ते मला आठवतही नाही, म्हणजे फारसे लागले नसावेत. लागली ती माणसं. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायला, रक्ताची बाटली लॅबला पोचवायला, आणि वडिलांना ‘घाबरू नका काका’ म्हणायला.

आपल्या गावाला ही सवय जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, त्यातली बरीच दसरा चौकाच्या आसपास, थोरल्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. खेड्यातल्या पोराचं शहरात घर नसतं, त्याचं बोर्डिंगच घर असतं आणि खोलीतले सोबती नातेवाईक. तुमच्या ६२ जणांच्या ग्रुपनं खरं तर ती जागा घेतलेली आहे. फक्त तो पेन्सिलीचा कागद हरवलाय आणि त्याच्या जागी क्यूआर कोड आलाय.

मधल्या काळात दवाखान्यात जे बदललं ते नीट समजून घ्या, कारण ड्यूटी कशाची लावायची हे त्यावर ठरतं. तेव्हा दवाखान्याला एकच दार होतं. केसपेपर काढा, आत जा. आता त्याच इमारतीला तीन-चार दारं आहेत: रोख, सरकारी योजना, विमा, आणि काही ठिकाणी धर्मादाय खाट. कोणत्या दारातून पेशंट आत गेला हे पहिल्या काही तासांत ठरतं, आणि एकदा आत गेल्यावर दार बदलणं महाकठीण.

माझ्याच टेबलावरचा प्रसंग सांगतो. राधानगरी रस्त्यावर एका तरुणाची मोटरसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं. मित्रांनी त्याला एका खाजगी रुग्णालयात नेलं, दहा-बारा जण धावले, ८० हजार डिपॉझिट भरलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी बिल वाढल्यावर कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. मी गेलो. ते रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत होतं. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाचं, टेबल कॅश काउंटरपासून वीस पावलांवर होतं, वर हिरवा बोर्डही. पोराच्या घरी केशरी रेशनकार्ड होतं, पंचवीस-तीस किलोमीटरवर. पण योजनेत ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यावी लागते. इथं तर रोखीचा पेशंट म्हणून सगळं होऊन गेलं होतं. मी दोन दिवस खटपट केली, काही झालं नाही. डिपॉझिट भरायला दहा जण धावले, घरी जाऊन रेशनकार्ड आणायला एकही नाही. शेवटी त्याच्या बापानं बैलजोडी विकली. ती मुलं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. त्यांना वाटलं पैसा म्हणजेच मदत.

तुमच्या मित्राच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण २ लाख ८५ हजार एका रात्रीत कुठं आणि कोणत्या पावतीवर गेले, हे एकदा शांतपणे बघा. भांडायला नको, शिकायला.

आता योजनेबद्दल, कारण तुमच्या वयाच्या आणि तुमच्या नोकऱ्यांच्या माणसांचा इथं हमखास गैरसमज असतो. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपलं कोल्हापूर त्यात नव्हतं. नोव्हेंबर २०१३ ला ती सगळ्या राज्यात आली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि पिवळं-केशरी कार्ड लागायचं. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर ती एकत्र चालू लागली. आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना ती लागू झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. प्राध्यापक, बँकवाले, पतसंस्थेतले साहेब अजूनही मला सांगतात, ‘ते गरिबांचं, आपलं नाही.’ आपलं पण आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, कॅन्सरची केमो, अपघातातली मोठी ऑपरेशनं यात येतात. ताप-खोकल्याचं ॲडमिशन सहसा येत नाही. यादी ठरलेली आहे, रुग्णालयं ठरलेली आहेत, दोन्ही बदलत असतात, त्यामुळे त्या त्या वेळी १५५३८८ वर फोन करून विचारायचं.

योजनेला नावं ठेवणारे खूप भेटतील, त्यात तथ्यही आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, अशी रुग्णालयांची तक्रार असते, म्हणून काही ठिकाणी ‘खाट शिल्लक नाही’ असं गोड उत्तर मिळतं. काही ठिकाणी योजनेत घेऊनही वरून पैसे मागतात. पावती देत नसतील तर समजून जा. अशा वेळी आवाज चढवायचा नाही, आरोग्यमित्राच्या समोर उभं राहूनच त्या नंबरवर फोन लावायचा. माझा अनुभव असा की फोन लागायच्या आतच निम्म्या खाटा रिकाम्या होतात.

हे सगळं कागदावर अडतं. आधारवर ‘बाळासो’, रेशनकार्डावर ‘बाळकृष्ण’. आपल्याकडं आप्पासो, आण्णासो, बाळासो ही नावं प्रेमानं ठेवतात आणि संगणक प्रेम ओळखत नाही. सून दहा वर्षं घरात आहे, पण कार्डावर नाव माहेरचंच. मुलगा पुण्याला गेला म्हणून नाव कमी केलं, तिकडं चढवलंच नाही. कार्ड फाटलंय आणि बारा अंकी ऑनलाइन नंबर कुणालाच माहीत नाही. पुरवठा कार्यालयात हे दुरुस्त होतं, पण दिवस लागतात, आणि हार्ट ॲटॅक दिवस देत नाही. म्हणून स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणात एक ओळ घाला: येताना रेशनकार्ड, आधार, आणि असेल तर मेडिक्लेमचं कार्ड घेऊन या. एक टेबल, दोन पोरं, एक लॅपटॉप. प्रत्येकाचं नाव जुळवून बघायचं. बीपी-शुगर तपासणीचं टेबल बरेच जण लावतात, मिसळ आणि ग्रुप फोटोच्या मधे हात पुढं करतात आणि आकडा विसरून जातात. त्यापेक्षा हे टेबल लावा.

दुसरं काम आई-वडिलांचं. तुम्ही पंचावन्नचे, म्हणजे ते ऐंशीच्या घरात, गावाकडं, बहुधा दोघंच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत. नोंदणी आधारवर होते. आधारवरची जन्मतारीख बघा, जुन्या माणसांची ती सर्रास १ जानेवारी किंवा १ जून असते आणि साल अंदाजपंचे. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. हे काम आजारपणाच्या आधी, दिवाळीत गावाला गेल्यावर करायचं.

सगळ्यांचा मिळून मेडिक्लेम काढण्याबद्दल: नुसता विमा काढण्यासाठी जमवलेल्या गटाला ग्रुप पॉलिसी देऊ नये असा विमा नियामकाचा नियमच आहे. नोंदणीकृत, दुसऱ्या हेतूनं चालणारी संघटना असेल तर कंपनी विचार करते. पण ६२ जणांत निम्म्यांना बीपी-शुगर आहे म्हटल्यावर प्रीमियम काय निघेल त्याचा अंदाज तुम्हालाच येईल. ज्याला परवडतं त्यानं स्वतःची पॉलिसी घ्यावी, आजार लपवू नये. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की ‘माहिती दडवली’ किंवा ‘चुकीची दिली’ असं कारण देऊन, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. रूम भाड्याची मर्यादा तेवढी वाचा. मर्यादेच्या वरची खोली घेतली की नुसतं भाडंच नव्हे, बाकीची बरीच बिलंही त्याच प्रमाणात कापतात, आणि मग लोक टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, खिडकीपाशी रडतात. विम्यावर एवढंच. तो माझा प्रांत नाही.

धर्मादाय खाटांचं मात्र सांगतो, कारण ते फारच थोड्यांना माहीत असतं. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा पहिल्यांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुसऱ्यांना ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला लागतो. तिथं जाऊन ‘समाजसेवक कुठं बसतात’ एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की याला माहिती आहे.

आता तुमच्या बॅचची खरी ताकद. ती तुमच्या खात्यात नाही, नकाशावर आहे. विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि २००४ पर्यंत सोलापूरही त्याच्या पोटात होतं. आमच्या पेशंटच्या वाटाही जवळजवळ याच नकाशावरून जायच्या. जतचा पेशंट मिरजेला, पाटणचा कराडला, गगनबावड्याचा कोल्हापूरला. फक्त चंदगडचा आपल्याकडं पाठ करून बेळगावला जातो, कारण ते त्याला जवळ. आणि मिरजेचं तर काय सांगायचं, १८९४ साली वानलेस साहेबांनी दवाखाना काढल्यापासून अख्खं गाव दवाखान्यांवर उभं आहे, उत्तर कर्नाटकातून रेल्वे भरून माणसं येतात. तुमच्या ६२ जणांत इस्लामपूरचा कुणी आहे, गडहिंग्लजचा आहे, मिरजेचा आहे. तो तिथल्या दवाखान्यातला मावसभाऊ आहे असं समजा. त्याला तिथलं मेडिकल, लॅब, रात्री डबा देणारी खाणावळ, सगळं माहीत असतं. गावोगाव एक नाव आणि एक पर्यायी नाव, एवढी यादी आधी करा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या निवडीत मेळाव्याचा अर्धा दिवस घालवू नका.

यात डॉक्टर मित्रांचा विषय निघतोच. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ ला झालं. त्याआधी मिरज, सोलापूर, कराड, कोल्हापूर इथून पास झालेल्या डॉक्टरांच्या पदवीवर आपल्याच विद्यापीठाचा शिक्का आहे. म्हणजे आज पन्नाशीच्या पुढचे या भागातले कितीतरी डॉक्टर तुमच्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. हे सांगून ओळख काढायला हरकत नाही. पण ग्रुपवर एक एम.डी. असला की सगळे त्यालाच फोन करतात, रात्री एकला ईसीजीचा तिरका फोटो पाठवून ‘सिरीयस आहे का रे?’ विचारतात. त्याला उपचार विचारू नका. दोनच गोष्टी विचारा: आत्ता कोणत्या प्रकारच्या रुग्णालयात नेऊ, आणि तिथल्या डॉक्टरला कोणता प्रश्न विचारू. छातीत दुखतंय आणि घाम येतोय तर त्यालाही विचारत बसू नका, १०८ ला फोन करा.

ड्यूटीचा कागद कसा करायचा ते सांगतो. चार कामं वेगळी धरा. पहिला माणूस कॅश काउंटरवर जायच्या आधी आरोग्यमित्राकडं किंवा टीपीएच्या खिडकीवर उभा राहणारा. दुसरा घरून कागद आणणारा. तिसरा रात्री थांबणारा. तिसऱ्या कामाला साठीकडं झुकलेले मित्र पाठवू नका, वॉर्डातल्या फरशीवर दोन रात्री काढल्या की तेच ॲडमिट होतात. मुलं, पुतणे पाठवा, किंवा पैसे देऊन माणूस ठेवा.

चौथं काम कुणाच्या डोक्यात येत नाही, ते घराकडचं. आपल्या भागात पेशंट डॉक्टरांचं न ऐकता घरी का जातात, हे मी वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडून ऐकलंय. पैशापायी थोडे जातात, म्हशीपायी जास्त. बायको दवाखान्यात, नवरा खाटेवर, आणि घरी दोन दुभत्या म्हशी. सकाळ-संध्याकाळ धारा, डेअरीला दूध, वैरण. एक बाई मला म्हणाली होती, ‘सायेब, ह्यांच्यासंगं सिस्टर हाय, म्हशीसंगं कोण हाय?’ मी काय उत्तर देणार? तिनं सही केली आणि टाके न काढताच नवऱ्याला घेऊन गेली. त्या गावात नवऱ्याचा एखादा वर्गमित्र असता आणि त्यानं आठ दिवस धारेला माणूस लावला असता, तर त्याची किंमत दहा हजारांच्या चेकपेक्षा जास्त झाली असती. पट्ट्यात ऊसतोड आली असेल तरीही हीच गत. तोड पुढं ढकलायला चिटबॉयशी, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्या साखर कारखान्याच्या माणसाशी, बोलणारा माणूसही ड्यूटीवरच धरा.

पावसाळ्याचं एक वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, दिवसेंदिवस शहर तुटलं, आणि आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या पेशंटांचे जे हाल झाले ते मी जवळून पाहिलेत. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या गावांत तुमच्यातला कुणी डायलिसिसवर असेल, घरात दिवस भरत आलेली सून असेल, तर एक नियम करून टाका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी झाली, की त्यांना ज्या बाजूला दवाखाना आहे त्या बाजूच्या मित्राच्या घरी हलवायचं. ४३ फुटांची, म्हणजे धोका पातळीची वाट बघायची नाही. तेव्हा रस्ता राहात नाही.

रक्ताचंही जाता जाता. ‘बी निगेटिव्ह तातडीनं हवं’ असा मेसेज आला की ६२ जण तो पुढं ढकलतात. तुमच्या वयात इन्सुलिनवाले रक्त देऊ शकत नाहीत, ६५ नंतर कुणीच नाही, आणि पुरुषाला दोन वेळांत तीन महिने, बाईला चार महिने अंतर लागतं. म्हणून यादी मुला-मुलींची करा, आणि मेसेज पुढं ढकलण्याआधी त्यातला नंबर लावून बघा. दोन वर्षांपूर्वी बरा झालेला पेशंट आजही ग्रुपांवर रक्त मागत फिरत असतो.

ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो. एका बॅचमधल्या बाईच्या छातीतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट कुणा हितचिंतकानं ‘प्रार्थना करा’ म्हणून ग्रुपवर टाकला. तो तिथून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. तिच्या मुलीचं स्थळ ठरत आलं होतं, ते लोक गप्प झाले. बाई उपचारानं बरी झाली, पण ग्रुपमधून बाहेर पडली ती पडलीच. आजारी माणसाला विचारून, त्यानं सांगितलं तेवढंच, आणि ड्यूटीवरच्या चौघांनाच.

आणखी एक टोचणारी गोष्ट. तुमच्या वर्गात हजेरीपटावर नावं किती होती? ग्रुपवर ६२ आहेत, बाकीचे कुठं आहेत? ज्याला नोकरी लागली नाही, जो दारूत गेला, जिचं लग्नानंतर नावच बदललं, ते सहसा ग्रुपवर नसतात. स्नेहमेळाव्याच्या वर्गणीचा आकडा बघून कितीजण ‘गावाला लग्न आहे’ म्हणतात ते तुम्हालाही माहीत असेल. दवाखान्यात सोबत कुणी नसलेला पदवीधर पेशंट मी अनेकदा पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी त्याच्या बॅचचा कुठंतरी ग्रुप होता. विभागातून जुनी यादी मिळेल. विद्यापीठांचं मूल्यमापन करणारी नॅकची कमिटी यायची असली की विभागांना माजी विद्यार्थ्यांची फार आठवण येते, तो मुहूर्त साधा.

आता निधी. एवढं सगळं केल्यावर निधी लहानसा लागतो. गाडीभाडं, सोबतच्यांचं जेवण, पहिल्या दिवसाची औषधं, योजनेत न येणाऱ्या बाहेरच्या तपासण्या. ५०-६० हजार पुरतात, संपले की परत जमवायचे. कुणा एकाच्या खात्यात ठेवू नका, माणूस कितीही सोन्यासारखा असो. त्याच्या खात्यात दुसऱ्यांचे पैसे आले की आयकरवाल्यांना, बायकोला आणि मित्रांना, तिघांनाही उत्तर त्यालाच द्यावं लागतं. दोघांच्या सहीचं वेगळं खातं काढा आणि शक्य तिथं थेट मेडिकल किंवा लॅबच्या बिलावर पैसे द्या. डिपॉझिट म्हणून पैसे फक्त एकाच परिस्थितीत, योजना आणि विमा दोन्ही दारं बंद आहेत हे ड्यूटीवरच्या माणसानं स्वतः तपासल्यावर. मोठा निधीच करायचा असेल तर रीतसर धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी करा, किंवा विभागाची नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना असेल तर तिच्यामार्फत जा. देणगीवर आयकरात सवलत मिळते म्हणून कुणी भुलवत असेल, तर नव्या करप्रणालीत ती सवलत नाही हे लक्षात घ्या.

अमेरिकेतल्या मित्राचं असं आहे. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर बँकेमार्फत त्यानं स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. तो तिकडचा नागरिक झाला असेल, हातात ओसीआय कार्ड असेल, तर ती परदेशी देणगी, आणि ती घ्यायला संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, जी तुम्हाला मिळायची नाही. त्याच्याकडून डॉलर घेण्यापेक्षा वेळ घ्या. आपल्याकडं रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडं दुपार असते. रात्रीचा फोन त्याच्याकडं द्या. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते शोधणं, हेल्पलाइनवर ताटकळणं, मिरजेच्या मित्राला उठवणं, ही कामं तो कचेरीत बसून करू शकतो. मी एका बॅचला हे सुचवलं होतं, त्यांचा टेक्सासमधला मित्र आता गडहिंग्लजमधल्या रुग्णालयांची यादी तोंडपाठ सांगतो.

राहिले ४१,५०० रुपये. ते नव्या निधीत वळवायचं तुमच्यातल्या काहींच्या मनात आहे, असं प्रश्नावरून दिसतं. तसं करू नका. ते त्याच्या नावानं मागितले होते, त्याच्या नावानंच दिले गेले. त्याच्या बायकोच्या खात्यावर एकरकमी टाका, कशाला वापरले ते विचारू नका, आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाका. हे मेळाव्याच्या आधी करा. आणि जमलं तर दोघांनी तिच्या घरी जाऊन रेशनकार्डावरचं कुटुंबप्रमुखाचं नाव बदललंय का ते बघून या. बहुतेक बदललं नसेल.